उशाखालचा नवा करार

जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की मध्ये वाटूर फाटा येतो. तिथून एक वाट परतूरकडे वळते. फाट्यावर ताटकळणाऱ्या माणसाच्या मनात दोनच गोष्टी असतात : गाडी कधी येणार आणि घरची माणसं सुखरूप असतील ना. माझं आजोळ याच पंचक्रोशीतलं. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, त्याआधी परतूर तालुका परभणीत होता. आजीच्या तोंडून मात्र शेवटपर्यंत परभणी गेलं नाही.

आजी ख्रिस्ती होती. दिवेलागणीला ती उंबऱ्यात उभी राहायची, चौकटीवर तळहात टेकवायची आणि मोठ्यानं प्रार्थना करायची. घरातली माणसं, परगावी गेलेली लेकरं, बैल, गाभण शेळी, सगळ्यांची नावं घेऊन. मग सैतानाला उद्देशून दोन कडक वाक्यं, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला सुनवावीत तशी. मग आमेन, आणि ती चुलीकडे वळायची. घरात बाळ जन्मलं की त्याच्या उशाखाली ती नवा करार ठेवी. बाळंतिणीच्या खोलीत रात्री कुणी ना कुणी स्तोत्र म्हणत बसे.

सैतानाला सुनावलेल्या त्या दोन वाक्यांचा माग मला काढायचा आहे. ख्रिस्ती मंडळींच्या भाषेत त्याला आत्मिक युद्ध म्हणतात. दिसत नाही असा वैरी आहे, तो माणसाच्या मनावर, देहावर, घरावर चाल करून येतो आणि त्याच्यापुढे माणसाचं हत्यार एकच, प्रार्थना. मराठी ख्रिस्ती माणसानं गेली चारशे वर्षं हे हत्यार कसकसं वापरलं, कुठे ते ताईत झालं आणि कुठे माणसाला दाराबाहेर घेऊन गेलं, हे नीट पाहिल्याशिवाय आजीची ती वाक्यं मला कळणार नाहीत.

आमच्या भागात संरक्षणाची कमतरता कधीच नव्हती. गावाच्या वेशीवर मारुती आहे. समर्थ रामदास याच जिल्ह्यातल्या जांबचे, १६०८ साली जन्मलेले. त्यांचं मारुतीस्तोत्र म्हटलं की भूतबाधा आणि रोग पळतात, ही श्रद्धा घराघरांत आहे. रामरक्षेत तर डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव देवाच्या हवाली केला जातो. सातव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये ख्रिस्ती साधूही असंच करत. लाइडकेन नावाच्या साधूच्या नावावर असलेल्या प्रार्थनेत शरीराचा एकेक भाग मोजून देवाकडे रक्षणासाठी सोपवला आहे. त्या प्रकाराला ते ‘लोरिका’ म्हणत. लोरिका म्हणजे छातीचं चिलखत, आपल्याकडचं कवच. भीती माणसाला सगळीकडे एकाच पद्धतीनं आपलं शरीर मोजायला लावते.

यापलीकडे बाहेरच्या बाधेचा मोठा कारभार आहे. दृष्ट लागली तर मीठ-मोहऱ्या. लागीर झालं तर भगत, देवऋषी. त्यानं भागलं नाही तर भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव, नाहीतर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबांचा दर्गा. सैलानीला होळीच्या सुमारास यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते. झपाटलेली म्हणून आणलेली किती माणसं तिथे असतात, हे गेलेल्यांना विचारावं. शिवाय मराठवाड्याची म्हणून एक खास भीती आहे, भानामती. अंगावर फुल्या उठणं, कपडे पेटणं, बायकांचं घुमणं. कुणी केली, हा प्रश्न तिथे लगेच येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा गल्लीतच सापडतं.

आणि मरीआई. पटकी आली, देवी आल्या की मरीआईचा गाडा काढायचा आणि गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत. ते गाव तो आपल्या शिवेपलीकडे ढकलणार. या सगळ्या कारभारात मरीआईची सेवा बव्हंशी महार-मांगांच्या वाट्याला. गावाचं अरिष्ट डोक्यावर घेऊन हद्दीपार करायचं काम ज्यांना गावानं हद्दीबाहेरच ठेवलं होतं त्यांचं. जालन्याच्या पंचक्रोशीत पुढे जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य याच वस्त्यांतले होते. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांची इडापिडा वाहिली, त्यानं स्वतःच्या रक्षणासाठी थेट देवाशी बोलायचं, मध्ये कुणी नाही, ही त्या काळात किती मोठी गोष्ट असेल. ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासात ही बाजू फारशी कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जालन्यात हे घडलं ते नारायण शेषाद्रींमुळे. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा ब्राह्मण तरुण १८४३ साली ख्रिस्ती झाला. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, प्रकरण कोर्टात गेलं, पोर बापाच्या ताब्यात आलं आणि त्याला शुद्ध करून जातीत घ्यावं की नाही यावर मुंबई ढवळून निघाली. घ्यावं म्हणून उभे राहिले बाळशास्त्री जांभेकर. नारायणराव १८६०च्या दशकात जालन्याच्या छावणीच्या गावी आले, निजामाच्या मुलखात. सर सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांचं एक गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं बेथेल. १८७३ साली न्यूयॉर्कला जगभरच्या ख्रिस्ती मंडळींची परिषद भरली, तिथेही ते जाऊन बोलले. १८९१ मध्ये ते वारले.

बेथेल या नावापाशी मी नेहमी थबकतो. जुन्या करारात भावाच्या रागाला भिऊन घर सोडलेला याकोब उघड्यावर धोंडा उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात शिडी पाहतो आणि उठून त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचं घर, म्हणतो. मग तो जे बोलतो तो सरळसरळ नवस आहे. देवानं वाटेत मला सांभाळलं, भाकरी दिली, अंगावर कपडा दिला, सुखरूप घरी नेलं, तर तो माझा देव. ‘तर’ हा शब्द तिथे आहे. वाटूर फाट्यावर रात्री गाडीची वाट पाहणारा कुणीही तो नवस जसाच्या तसा बोलू शकतो. पण याकोबाची गोष्ट तिथे संपत नाही. वीस वर्षांनी परतताना नदीकाठी रात्रभर एकजण त्याच्याशी झोंबी घेतो. पहाटे याकोबाला आशीर्वाद मिळतो आणि जांघेचा सांधा निखळलेला असतो. पवित्र शास्त्रातली ही मोठी झोंबी सैतानाशी नाही, खुद्द देवाशी आहे. आणि ज्याचं रक्षण झालं तो लंगडत घरी जातो. शेषाद्रींनी नाव निवडताना हे सारं मनात धरलं असेल की नाही, सांगता येणार नाही. पण दुष्काळी मुलखातल्या, जातीनं मोडलेल्या माणसांच्या गावाला यापेक्षा खरं नाव मिळालं नसतं.

आत्मिक युद्धावर कुणी पाळक बोलायला उभा राहिला की तो इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडणारच. पौल तिथे देवाची शस्त्रसामग्री सांगतो. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. रविवारच्या शाळेत आम्हाला पुठ्ठ्याची ढाल आणि चंदेरी कागदाची तलवार करून हे शिकवलं गेलं. ज्या गावाला उद्देशून हे पत्र आहे त्या इफिसाबद्दल मात्र कुणी सांगितलं नाही.

इफिस हे त्या काळचं मंत्रतंत्राचं मोठं केंद्र. तिथल्या नावानं ओळखली जाणारी काही गूढ अक्षरं होती. अर्थ कुणाला कळत नसे, पण ती उच्चारली किंवा लिहून अंगावर बाळगली की पिशाच्चं दूर राहतात, असा बोलबाला ग्रीक जगभर होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा. स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भूत काढायला जातात आणि झपाटलेल्या माणसाकडून मार खाऊन उघडेवाघडे पळतात. त्यानंतर इफिसचे लोक आपल्या जादूच्या पोथ्या आणून जाळतात. त्यांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणी भरते. असल्या बाजारपेठेत पौलाला एखादा जालीम शब्द, एखादं नवं ताईत देता आलं असतं. गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्यानं दिली ती सत्य, न्यायी वागणूक, शांती, विश्वास अशी, गळ्यात बांधता न येणारी हत्यारं. आणि सुरुवातीलाच बजावलं की आपलं भांडण रक्तामांसाच्या माणसाशी नाही.

शस्त्रांची यादी संपते तिथे प्रार्थना येते, आणि माझ्या मते सगळ्या उताऱ्याचा जीव तिथे आहे. पौल बेड्यांत आहे. माझ्यासाठीही प्रार्थना करा, असं तो लिहितो. पण बेड्या तुटाव्यात, सुटका व्हावी, असं मागत नाही. तोंड उघडेन तेव्हा न भिता बोलता यावं, एवढंच मागतो. रक्षणाच्या प्रार्थनेचा सगळ्यात प्रसिद्ध उतारा लिहिणारा माणूस स्वतःसाठी रक्षण मागत नाही. शिवाय मराठीत वाचताना सहज लक्षात येतं की तिथली क्रियापदं अनेकवचनी आहेत. ही शस्त्रं एकट्यादुकट्यानं घालायची नाहीत, मंडळीनं मिळून घालायची आहेत. रोमन शिपाई ढालीला ढाल भिडवून चालत. एकट्याची ढाल त्याच्यापुरती, पण रांगेतली ढाल शेजाऱ्यालाही झाकते.

आमच्याकडे रक्षणासाठी जास्त म्हटलं जातं ते स्तोत्र ९१. आजीला ते पाठ होतं, वाचता फारसं येत नव्हतं तरी. पारध्याचा फासा, रात्रीची भीती, दिवसा सुटणारा बाण, काळोखात फिरणारी मरी या सगळ्यांपासून देव पंखाखाली घेतो, असा त्याचा आशय. २०२० साली २५ मार्चला देश बंद झाला, १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी घरात कोंडून घेऊन केला, तेव्हा हे स्तोत्र मराठी ख्रिस्ती घरांच्या मोबाइलवर सतत फिरत होतं. मलाही त्यानं आधार दिला, हे मी नाकारणार नाही. पण याच स्तोत्राचा नव्या करारातला वापर आठवतो का पाहा. रानात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला सैतान मंदिराच्या शिखरावर नेतो, उडी टाक म्हणतो आणि देवदूत तुला झेलतील याची हमी म्हणून स्तोत्र ९१ ऐकवतो. रक्षणाचं वचन तिथे सैतानाच्या तोंडी आहे. येशू ते वचन खोटं आहे असं म्हणत नाही. देवाची परीक्षा पाहायची नाही, एवढंच म्हणतो. महामारीत मुखपट्टी नको, आमच्यावर प्रभूच्या रक्ताचं आच्छादन आहे, असं म्हणत गर्दी जमवणारे उपदेशक जगात निघाले, तेव्हा त्या शिखराचीच आठवण होत होती.

मराठीत ख्रिस्ती रक्षणाची भाषा घडली ती गोव्यात. इंग्लंडातून आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. जुन्या पोथ्या हातातून गेलेल्या नवख्रिस्ती माणसांना वाचायला, ऐकायला काहीतरी हवं होतं. त्यांना स्टीफन्सनं बायबलची कथा पुराणाच्या घाटात दिली. सैतानाचा अधःपात आणि येशूचं त्याच्यावर मात करणं मराठी कानांनी ओवीच्या लयीत ऐकलं ते पहिल्यांदा तिथे. पण पोथी बदलली म्हणून हात बदलत नाहीत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजही पोराला दिश्ट लागली की मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात, फक्त तोंडात आमच्या बापाची नाहीतर मारियेची प्रार्थना असते. धर्मगुरूंना ते रुचत नाही. मला त्या बाईचा हात दिसतो, लेकरावरून फिरणारा, आणि मी गप्प बसतो.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. गिरगाव, वांद्र्यापासून वेसाव्यापर्यंत ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत लोकांनी रस्त्याच्या कडेला, पाणवठ्याजवळ क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्याभोवती जमून जपमाळ म्हणायला सुरुवात केली. त्यातले कित्येक अजून उभे आहेत, फुलांच्या माळा घालून. मरीआईचा गाडा शिवेपार जाई, क्रूस मात्र आळीच्या मध्ये रोवला गेला. हा फरक मला मोठा वाटतो. अरिष्ट पुढच्या गावाला ढकलायचं नाही, ते आपल्यात असताना एकत्र उभं राहायचं. त्याच शहरात, १८९७च्या जानेवारीत, वाल्देमार हाफकिन नावाचा ज्यू शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेत होता. लस आणि क्रूस यांत निवड करायची वेळ त्या वस्त्यांवर येण्याचं कारण नव्हतं. मार्टिन ल्यूथरनं १५२७ सालीच हा गुंता सोडवून ठेवला होता. विटेनबर्गमध्ये प्लेग असताना पळावं की थांबावं असं विचारणाऱ्यांना त्यानं पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा : देवानं राखावं म्हणून प्रार्थना करीन, मग घराला धुरी देईन, औषध घेईन, गरज नसेल तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे कुणाला लागण व्हायला नको. पण शेजाऱ्याला माझी गरज लागली तर जाईन. पाचशे वर्षांपूर्वीची ही भूमिका आजच्या कित्येक प्रार्थनासभांपेक्षा पुढची आहे.

महाराष्ट्रात ही भूमिका कुणी जगली असेल तर पंडिता रमाबाईंनी. रमाबाई म्हटलं की आपल्याला स्त्रीशिक्षण आठवतं, शारदा सदन आठवतं, पुण्यातला वाद आठवतो. त्यांच्या दिवसाचा किती भाग प्रार्थनेत जाई, हे सांगताना आपले चरित्रकार थोडे अवघडतात. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातेतून. केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं ते याच भुकेल्या, टाकलेल्या, वाटेत दलालांच्या हाती लागू शकणाऱ्या पोरींसाठी. त्यांच्यासाठी सैतान ही कल्पना नव्हती. त्याला बैलगाडी होती, पैसे होते, गोड बोलणं होतं.

१८९७ साली पुण्यात प्लेगची धरपकड चालू असताना रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांना मिळणारी वागणूक उघड केली. त्यांच्याकडच्या एका मुलीची तिथे दुर्दशा झाली होती. ख्रिस्ती बाई, मिशनऱ्यांच्या मदतीवर संस्था चालवणारी, आणि गोऱ्या सरकारवर जाहीर आरोप करते. त्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. मुंबईच्या गव्हर्नरानं आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. रक्षणासाठी गुडघे टेकणारी बाई त्याच आठवड्यात वर्तमानपत्राला पत्र धाडते, यात तिला विसंगती वाटत नाही.

१९०५च्या सुरुवातीला वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या ऐकून त्यांनी मुक्तीत रोजची प्रार्थना सुरू केली. आधी सत्तरएक मुली, जूनपर्यंत साडेपाचशे. जूनच्या अखेरीस जे झालं त्याला मुक्तीचं संजीवन म्हणतात. मुली रडत होत्या, एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, आपली पापं कबूल करत होत्या, काहींना आतून आग लागल्यासारखं वाटत होतं. तिथल्या मिनी अब्रम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि ती पार दक्षिण अमेरिकेत, चिलीत पोहोचून तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला कारण झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. आपल्याकडे बाईच्या अंगात आलं तर ती बोलते ते देवीचं नाहीतर भुताचं असतं, तिचं स्वतःचं कधीच नसतं. केडगावच्या त्या शेडमध्ये शेकडो अनाथ पोरींनी, ज्यांतल्या कित्येकींना आपलं मूळ गावही सांगता येत नव्हतं, पहिल्यांदा आपल्या तोंडानं आपलं दुःख देवाला ओरडून सांगितलं. त्यांची सुटका झाली असेल तर तिथे झाली.

आणि तरी रमाबाईंना सगळं राखता आलं नाही. एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली. तिच्यासाठी काय कमी प्रार्थना झाल्या असतील? रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये छापून निघालं.

रक्षणाचा हव्यास माणसाला कुठवर नेतो, याचं चित्र दुसऱ्या एका मराठी ख्रिस्ती बाईनं लिहून ठेवलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातच वडिलांच्या सोवळ्यानं होते. १८५७च्या धामधुमीनंतर सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं या माणसाला विटाळाची अशी भीती बसली की घरात येणारा जिन्नस न् जिन्नस धुतल्याशिवाय आत येईना, अगदी मीठ-साखरसुद्धा. पाण्यात मीठ विरघळून जाणार, हे कळत असूनही. ज्या संकटानं एकदा घर गाठलं ते पुन्हा येऊ नये म्हणून बापडा आयुष्यभर धूत राहिला. त्याची लेक पुढे कुणाच्याही हातचं पाणी प्यायला शिकली, १९०० साली ख्रिस्ती झाली. तिची भीती भिंत बांधून गेली नाही, भिंत पाडून गेली.

आता आजच्याविषयी. गेल्या तीसेक वर्षांत मराठवाड्यातल्या गावागावांत, पत्र्याच्या शेडात, कुणाच्या अंगणात प्रार्थनासभा सुरू झाल्या. जुन्या मिशनच्या मंडळ्या, १९७०नंतर उत्तर भारतीय चर्चमध्ये आलेल्या, शांतपणे पुस्तकातून उपासना करणाऱ्या. या नव्या सभांची तऱ्हा वेगळी. टाळ्या, ढोलकी, उपास-प्रार्थना, रात्रभराची साखळी प्रार्थना, तेलाचा अभिषेक, आजाऱ्यावर हात ठेवणं. ‘येशूच्या नावात’ दुष्टात्म्याला बांधणं, हाकलणं. दारू सुटली, पोर झालं, रात्रीची भीती गेली, अशा साक्षी. मी अशा सभांत बसलो आहे. ज्या बाईला घरात कुणी नाव घेऊन हाक मारत नाही तिच्यासाठी वीस माणसं तिचं नाव घेऊन रडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही.

पण या सभांबरोबर एक परदेशी नकाशाही आला. अमेरिकेत पासाडिनाच्या फुलर सेमिनरीत शिकवणाऱ्या पीटर वॅग्नर यांनी १९९०च्या सुमारास एक मांडणी लोकप्रिय केली : प्रत्येक प्रदेशावर एकेका दुष्टात्म्याची सत्ता असते, ती ओळखायची, नकाशावर नोंदायची आणि तिथे चालत जाऊन प्रार्थनेनं ती मोडायची. दानिएलाच्या दहाव्या अध्यायातल्या पारसाच्या अधिपतीचा आधार त्याला दिला गेला. विषुववृत्ताच्या उत्तरेला दहा ते चाळीस अंशांच्या पट्ट्यावर खास लक्ष ठरलं आणि जवळजवळ अख्खा भारत त्यात आला. वाटूरही आलंच. म्हणजे वेशीवरचा मारुती, शेजारच्या आळीतला दर्गा, यांना कुणीतरी दूर देशी बसून शत्रूचे बुरूज ठरवलं.

इथे माझा स्पष्ट विरोध आहे. पौलानं रक्तामांसाशी भांडण नाही म्हटलं, आणि देवळाकडे बोट दाखवून केलेली प्रार्थना दोन पावलांत देवळात जाणाऱ्या माणसापर्यंत पोहोचते. जगभरच्या सुवार्तावादी मंडळींच्या लोझान चळवळीनंच १९९३ साली आत्मिक युद्धावर निवेदन काढून ही धोक्याची सूचना दिली होती. युद्धाची भाषा माणसामाणसांत वैर निर्माण करते, अन्य धर्मीय तिचा अर्थ हिंसा असा घेतात, म्हणून शांती, पश्चात्ताप आणि समेट यांची भाषाही तितक्याच ठळकपणे बोलली पाहिजे, असा तिचा आशय. आमच्याकडच्या किती सभांत ते निवेदन वाचलं गेलं? आज खेड्यात प्रार्थनेला जमलेल्या माणसांकडे संशयानं पाहिलं जातं, कधी दांडगाई होते. ती करणाऱ्यांचा दोष त्यांच्याच माथी आहे. पण आपल्या तोंडची भाषा आपण तपासायची असते.

दुसरा धोका दवाखान्याचा. कॅथलिक चर्चमध्ये भूत काढण्याचा विधी बिशपाच्या खास परवानगीशिवाय कुणा धर्मगुरूला करता येत नाही, आणि १९९९ साली सुधारलेल्या विधीत आधी मानसिक आजार नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यायची खबरदारी सांगितली आहे. पत्र्याच्या शेडात असा बिशप नसतो. घरातली सून महिनाभर झोपत नाही, स्वतःशी बोलते, तिला बाहेरचं झालंय असं सगळ्यांनी ठरवलं की भगत असो वा पास्टर, औषधाला उशीरच होतो. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो ती ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरची. मराठवाड्यातल्या माणसाला सगळी लांब. ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. प्रत्येक प्रार्थनासभेच्या भिंतीवर, वचनाच्या फळीशेजारी, तो आकडा रंगवावा असं मला मनापासून वाटतं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, असल्या अघोरी उपायांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी, चटके हे सगळं त्यात गुन्हा आहे. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणंही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ख्रिस्ती मंडळींत या कायद्याची भीती घालणारे भेटतात. त्यांनी तो वाचावा. घरी, देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये केलेली प्रार्थना, जिनं कुणाला इजा होत नाही की कुणाचा पैसा लुबाडला जात नाही, ती त्यातून स्पष्ट वगळली आहे. येशूनं झपाटलेल्यांना मोकळं केलं तेव्हा कुणाला बांधलं नाही. गरसेकरांच्या मुलखातला तो कबरस्तानात राहणारा माणूस आधीच लोकांनी बेड्यांनी बांधलेला होता. येशू भेटल्यावर तो अंगावर कपडे घालून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला दिसतो. गावाला भीती वाटते ती तेव्हा.

आजीच्या एका बैलाला एका वर्षी अचानक काहीतरी झालं आणि तो रात्रीत गेला. ऐन पेरणीच्या तोंडावर. शेजारच्या एका म्हातारीनं करणी केली, अशी कुजबुज सगळ्या गल्लीत. ख्रिस्ती असूनही आमच्या घरच्यांना ती पटली होती. त्या संध्याकाळी आजी उंबऱ्यात उभी राहिली. नेहमीची नावं झाली. मेलेल्या बैलाचंही नाव आलं, सवयीनं, आणि ती जरा थांबली. मग तिनं त्या म्हातारीचं नाव घेतलं. तिचे गुडघे दुखतात, ते बरे कर म्हणाली. मामा चिडून घराबाहेर गेला. त्या दिवसापासून ते नाव यादीत राहिलं, शेळ्यांच्या आधी.

नवा करार मराठीत पहिल्यांदा छापला गेला तो १८११ साली, बंगालातल्या श्रीरामपूरला. आजीचा तो किती हात फिरून आला होता कुणास ठाऊक. आता तो माझ्याकडे आहे, मळकट निळ्या पुठ्ठ्याचा. मामेभावाच्या बाळाच्या वेळी मी तो द्यायला काढला आणि उघडून पाहिला. शेवटच्या पानांवर, प्रकटीकरणाच्या पुस्तकावर, तांबूस गंजाचा लांबट डाग आहे, आरपार उमटलेला. अडकित्त्याचा आहे. बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवायची आमच्याकडची रीत. आजी दोन्ही ठेवत होती.